भीमाशंकर कोणाचा?

घरात तीन पिढ्या एकत्र नांदत असल्या म्हणजे सकाळचे वर्तमानपत्र कोणा एकाच्या हाती स्वस्थपणे राहत नाही, हा अनुभव आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस असेलच. सन २०२३ च्या फेब्रुवारीतील १५ तारखेस आमच्या सदाशिव पेठेतील घरी हेच झाले. महाशिवरात्र तीन दिवसांवर आली होती. आम्ही चहाचा पेला हाती घेतो न घेतो तोच आमचे वडील बंधू, ज्यांस घरातील लहानथोर सर्वजण अण्णा म्हणतात, ते पत्र फडकावीतच माजघरात आले आणि म्हणाले, "अरे, ऐकलेस का? आपला भीमाशंकर आसामात नेला!"

प्रकार असा झाला होता. आदल्या दिवशी आसाम सरकारच्या पर्यटन खात्याने वृत्तपत्रांतून एक जाहिरात प्रसिद्ध केली. कामरूपातील डाकिनी पर्वतावर भारतातील सहावे ज्योतिर्लिंग असून शिवरात्रीच्या उत्सवास भाविकांनी तेथे यावे, असे तीत निमंत्रण होते. हे स्थान गुवाहाटीजवळ पामोही येथे आहे. आता सहावे ज्योतिर्लिंग म्हणजे भीमाशंकर, आणि भीमाशंकर म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यातला, हे आम्हां पुणेकरांस श्वासोच्छ्वासाइतके स्वाभाविक! तेव्हा महाराष्ट्रात गदारोळ उठला यात नवल ते काय? येथले उद्योगधंदे परप्रांती जात होते ते थोडे झाले म्हणून आता देवही चालले, अशा आशयाचे उद्गार विरोधी पक्षांच्या पुढाऱ्यांनी काढले.

आमच्या घरीही दोन पक्ष पडले. अण्णांचे मत, सरळ न्यायालयात जावे. यावर सूनबाई हळूच म्हणाल्या, "पण बाबा, देवाचा सातबारा कोणाच्या नावे असतो?" सर्वजण हसले, हसला नाही तो पाचवीत शिकणारा आमचा नातू. त्याने आमच्याकडे पाहून विचारले, "आजोबा, मग आपला भीमाशंकर खोटा का?"

ज्याने आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकविले त्यास हा प्रश्न झोंबावा हे उघडच आहे. त्याच रात्री आम्ही आसामच्या त्या खात्यास उद्देशून चार पानांचे पत्र लिहून काढले. सह्याद्री, भीमा नदीचा उगम, शतकानुशतकांची वहिवाट, सर्व काही त्यात आले. आता केवळ पुराणाचा आधार तेवढा अध्याय व श्लोक यांसह द्यावयाचा राहिला, म्हणून सकाळी फडताळातून शिवपुराणाची पोथी काढली. तेथेच आमची गाडी अडली.

वाचकहो, कोटिरुद्रसंहितेतील ती कथा थोडक्यात अशी आहे. कुंभकर्णापासून कर्कटी नामक राक्षसीस झालेला भीम नावाचा पुत्र आपल्या मातेसह सह्य पर्वतावर राहत असे. पित्याचा वध रामाने केल्याचे मातेच्या तोंडून कळताच त्याने तपश्चर्येने बळ मिळविले, देवांस जिंकले, आणि मग कामरूप देशाच्या शिवभक्त राजावर चाल करून त्यास बंदीत टाकले. राजाने बंदिवासातच मातीचे पार्थिव लिंग करून पूजा चालू ठेविली. भीमाने त्या लिंगावर तलवार उगारताच शंकर प्रकट झाले, त्यांनी त्या राक्षसाचे भस्म केले आणि देवांच्या विनंतीवरून लोककल्याणार्थ तेथे राहिले.

आता हा कामरूप देश कोणता? रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघू लौहित्य, म्हणजे ब्रह्मपुत्रा, ओलांडून प्राग्ज्योतिषात जातो, आणि कामरूपाचा राजा त्यास हत्ती अर्पण करतो. तो कामरूप म्हणजे आसाम, हे आम्हीच वर्षानुवर्षे फळ्यावर नकाशा काढून मुलांस शिकविले आहे. कालिदासापुरता तो आसाम आणि भीमाशंकरापुरता मात्र दुसरा कोठला, असे कसे म्हणावे? त्याहून मनास लागली ती गोष्ट अशी की, ही भीमाची कथा आम्ही वर्गात कितीकदा तरी सांगितली होती. परंतु प्रत्येक वेळी सह्याद्रीने आरंभ करून राजापाशी आलो की 'एक राजा' एवढेच म्हणून पुढे सरकत होतो. जाणूनबुजून खोटे सांगितले नाही हे खरे. पण ज्या शब्दाने अडचण व्हावयाची तो शब्द जिभेवर येऊ दिला नाही, हेही तितकेच खरे. आसामचे लोक कथेचा उत्तरार्ध वाचतात, आम्ही पूर्वार्ध वाचतो, एवढाच काय तो भेद. पत्र आम्ही मेजाच्या खणात ठेवून दिले.

मग कुतूहलाने बाकीची स्थळेही पाहू लागलो. द्वादश ज्योतिर्लिंगांच्या यादीत भीमशंकराचे स्थान 'डाकिनी' असे दिले आहे. सह्याद्री नाही आणि कामरूपही नाही. डाकिनी कोणती, यावर ज्याचा त्याचा अर्थ. उत्तराखंडात काशीपूर येथे मोटेश्वर महादेवाचे स्थान आहे. तेथील लोक त्यासच भीमशंकर मानतात आणि त्याचा संबंध पांडवांतील भीमाशी जोडतात. वैद्यनाथाच्या बाबतीत एका पाठात परळीचे नाव येते, तर दुसऱ्यात चिताभूमीचे; म्हणून आपण बीड जिल्ह्यातील परळीस जातो, तर झारखंडातील देवघरास श्रावणात गंगाजलाच्या कावडी खांद्यावर घेतलेल्या लक्षावधी भाविकांची रीघ लागते. नागेश दारुकावनातला, पण ते वन आपल्याकडील औंढ्यास, की गुजरातेत द्वारकेजवळ, की हिमालयात अल्मोड्याजवळील जागेश्वरास? महाराष्ट्रात पाच ज्योतिर्लिंगे आहेत असे आपण अभिमानाने सांगतो. सर्व वाद आपल्याविरुद्ध गेले, तर त्र्यंबकेश्वर व घृष्णेश्वर एवढी दोनच निर्वेध उरावयाची!

असले वाद पंडितांच्या सभेतही सुटत नाहीत. हनुमंताचे जन्मस्थान नाशिकजवळील अंजनेरी, की कर्नाटकात हंपीजवळ किष्किंधेचा अंजनाद्री, की तिरुमला येथील डोंगर, हा प्रश्न पुढे आला तेव्हा सन २०२२ च्या मे महिन्यात नाशिक येथे शास्त्रार्थ योजिला होता. तेथे प्रथम तंटा लागला तो आसने कोणी कोठे मांडावीत यावरून, आणि सभा निर्णयावाचूनच उठली. ग्रीकांच्या होमर कवीचा जन्म आपल्या गावी झाला असे सात नगरे म्हणत असत. आमच्या कालिदासासही उज्जयिनी, काश्मीर, मिथिला, विदर्भ असे सर्वजण ओढीत असतात. मोठ्यांच्या कपाळी हे असावयाचेच.

पोथीने निकाल दिला नाही, तेव्हा प्रत्यक्ष स्थान पाहून यावे असे मनाने घेतले. होळी झाल्यावर एका सकाळी अण्णा, नातू आणि आम्ही असे तिघेजण वाकडेवाडीहून एस.टी.ने निघालो. पुण्याहून भीमाशंकर सुमारे ११० किलोमीटर. मोशी, चाकण मागे टाकून गाडी राजगुरुनगरास आली. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांचे हे जन्मगाव. पूर्वीचे नाव खेड. पुढे मंचरास गाडी पश्चिमेकडे वळली आणि घोडेगाव सोडल्यावर डोंगर जवळ येऊ लागले. घोड नदीवरील डिंभे धरणाचे निळे पाणी बराच वेळ आमच्या सोबतीस होते. त्याच्या काठाकाठाने महादेव कोळी बांधवांच्या वाड्या आहेत. रानातला हिरडा वेचणे हा त्यांच्या पोटापाण्याच्या उद्योगांपैकी एक. घाट चढू लागताच उन्हाचा कडाका ओसरला आणि खिडकीतून गार झुळूक आली.

देऊळ खोलात आहे. दोनशेहून अधिक पायऱ्या उतरून आम्ही खाली गेलो. या देवळाच्या जीर्णोद्धाराशी नाना फडणविसांचे नाव निगडित आहे. देवळापुढे एक मोठी घंटा टांगलेली होती. सन १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, तेव्हा तेथील गिरिजाघरांतील ज्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या त्यांतली ही एक, असे सांगतात. अण्णांनी नातवास ही हकीकत मोठ्या आवेशाने सांगितली. मुलाने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे आधी ही त्यांच्या देवाची होती?" अण्णांनी घशाशी काहीतरी अडकल्यासारखे केले आणि रांग पुढे सरकली असे दाखविले. आम्हीही काही बोललो नाही. इतर कोणी आपला देव नेला म्हणून रागावलेली ही आम्ही वृद्ध मंडळी त्या घंटेखालीच उभी होतो.

दर्शन झाल्यावर आम्ही रानातील वाटेने गुप्त भीमेकडे निघालो. त्रिपुरासुराचा वध करून थकलेल्या शंकराच्या घामातून भीमा उगम पावली, अशी स्थानिक कथा आहे. हीच भीमा पंढरपुरास चंद्रभागा होते आणि पुढे कर्नाटकात शिरून रायचूरजवळ कृष्णेस मिळते. हे सर्व रान सन १९८५ पासून अभयारण्य म्हणून राखलेले असून त्याचा विस्तार सुमारे १३० चौरस किलोमीटर आहे. शेकरू नावाची तांबूस रंगाची मोठी खार, जी आपल्या राज्याचा मानाचा प्राणी आहे, ती येथे आढळते. नातवास एका उंच झाडावर तिचे घरटे दिसले आणि नंतर ती स्वतःही एका झाडावरून दुसऱ्यावर झेप घेताना दिसली. अण्णांचा सारा राग त्या क्षणी निवला.

वाटेत एक तिशीचा तरुण आमच्या पुढे चालत होता. बोलता बोलता कळले की तो आसामचा, गुवाहाटीपलीकडचा; चाकणास मोटारींचे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यात काम करतो. हे ऐकताच अण्णांनी आमच्याकडे पाहिले. आम्हांसही राहवले नाही. आम्ही मोडक्या हिंदीत विचारले, "तुमच्याकडे तर तुमचा भीमेश्वर आहे, मग येथे कसे येणे केले?" प्रश्नात थोडी बोच होती हे आज कबूल करतो.

त्यास ती कळली की नाही कोण जाणे. तो म्हणाला, "आहे ना, गुरुजी. तिकडे डोंगरातल्या ओढ्यात उघड्यावरच शिवलिंग आहे, पाणी सारखे वरून वाहत असते. लहानपणी आईबरोबर जायचो. इकडे कामाला आलो तेव्हा आई म्हणाली, तिथेही तेच आहेत, जाऊन ये. शिवरात्रीला रजा मिळाली नाही. पुढच्या महिन्यात बिहूला घरी जाईन, तेव्हा इथले पाणी नेऊन तिथे वाहायचे आहे."

गुप्त भीमेपाशी पोचल्यावर त्याने पिशवीतून एक लहानशी तांब्याची लोटी काढली. फाल्गुनात तेथे पाणी बेताचेच असते. जे होते त्यात रिकाम्या बाटल्या, द्रोण, वेफर्सची पाकिटे आणि कुजलेली फुले तरंगत होती. आमच्यासारखेच कोणी भाविक ती टाकून गेले होते. तो तरुण क्षणभर उभा राहिला. मग तक्रारीचा एक शब्द न काढता चप्पल काठावर ठेवून, दगडांवरून तोल सावरीत, निर्मळ पाण्याच्या शोधात वर वर चढत गेला. लोटी भरून परत येण्यास त्यास बराच वेळ लागला. तोपर्यंत आम्ही दोघे वृद्ध खाली मान घालून उभे होतो. आमच्या मेजाच्या खणातील चार पानांत या पाण्यावर आमचा हक्क कसा सिद्ध होतो हे सप्रमाण लिहिलेले होते. आणि ज्याच्याशी आम्ही भांडावयास निघालो त्यास लोटीभर स्वच्छ पाणीही आम्ही जागेवर देऊ शकलो नव्हतो!

कोणास न विचारता आमच्या नातवाने बाटल्या वेचण्यास आरंभ केला. मग त्या तरुणाने हात लावला, मग आम्ही, आणि शेवटी कंबर धरून अण्णाही वाकले. आमच्या पिशवीत दशम्या व चटणी आणली होती, ती बाहेर काढून पिशवी कचऱ्यास दिली. आणि तेथेच एका जांभळाखाली बसून चौघांनी ती न्याहारी वाटून खाल्ली.

पुण्यास परतल्यावर ते पत्र आम्ही फाडून टाकले. भीमाशंकर आपला आहे ही आमची श्रद्धा तसूभरही कमी झालेली नाही. ती पोथीच्या पाठावर उभी नव्हती आणि जाहिरातीने ढळण्यासारखीही नव्हती. परंतु 'आपला' या शब्दाबरोबर काही उसाभर करावी लागते, आणि ती आपण किती करतो याचा हिशेब आसामने मागण्याआधी आपणच आपल्याशी मांडावा, असे आम्हांस वाटते. त्या वर्षीच्या श्रावणात सोमवारी घरातील मुले जमली तेव्हा आम्ही भीमाची कथा पुन्हा सांगितली. सह्याद्रीपासून आरंभ केला, आणि राजापाशी आलो तेव्हा थांबून म्हणालो, "हा राजा कामरूपाचा, म्हणजे आसामचा." अण्णा झोपाळ्यावर होते, ते काही बोलले नाहीत.

कथा संपल्यावर मुले पांगली. नातू मात्र तेथेच बसून राहिला. खरा कोणता आणि खोटा कोणता, हे त्याने पुन्हा विचारले नाही. त्याने विचारले ते इतकेच: "आजोबा, त्या काकांनी नेलेले पाणी पोचले असेल ना हो?"