आमची आठशे

परवा चिरंजीवांचा पुण्याहून फोन आला. तब्येतीची चौकशी झाल्यावर नेहमीचा प्रश्न, "बाबा, ती गाडी कधी विकताय?" ती गाडी म्हणजे आमची मारुती 800. जून 1997 मध्ये शिक्षक पतपेढीचं कर्ज काढून घेतलेली.

14 डिसेंबर 1983 ला दिल्लीत इंदिरा गांधींच्या हस्ते हरपालसिंग यांना पहिल्या मारुतीची किल्ली मिळाली. डोंबिवलीतल्या या मास्तरापर्यंत किल्ली पोचायला साडेतेरा वर्षं लागली, एवढंच!

तीन सिलिंडरचं 796 सीसीचं इंजिन, चार गिअर, बारा इंची चाकं, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. पॉवर स्टिअरिंग नाही, एअरबॅग नाही. अपघातात ती आपल्याला वाचवेल, अशी समजूत मी कधीच करून घेतली नाही. पण बिघडली तर टिटवाळ्यापासून मुरबाडपर्यंत कुठलाही रस्त्याकडेचा मेकॅनिक बॉनेट उघडून म्हणायचा, "सर, चहा घेऊन या, तोवर होतंय." कार्ब्युरेटर साफ करायचा, प्लग घासायचे, संपलं. ओम्नी व्हॅनचं इंजिनही याच जातीचं. त्यामुळे जानेवारी 2014 मध्ये आठशेचं उत्पादन थांबलं तरी पार्ट्सचं अडलं नाही. माझ्या लेखी तिचा भरवसा तो हाच.

2009 च्या पावसाळ्यात रात्री दोन वाजता सौ.च्या छातीत दुखायला लागलं. लोकल बंद, रिक्षा नाही, अ‍ॅम्ब्युलन्स येईना. चोक ओढला, किल्ली फिरवली, पहिल्या फटक्यात सुरू! शीळफाटा, मुंब्रा करत ठाण्याचं हॉस्पिटल गाठलं. वायपर एकच धड चालत होता. ही मागच्या सीटवर आडवी, आणि मधूनच मला म्हणत होती, "हळू चालवा." आज ही शेजारच्या खोलीत भाजी निवडते आहे. चिरंजीव, तुम्हाला ती गाडी भंगार दिसते ती उगाच नाही, पण मला ती रात्र दिसते.

जून 2022 मध्ये गाडीला पंचवीस वर्षं झाली. नोंदणी नूतनीकरणाची फी त्याच एप्रिलपासून 600 वरून 5,000 झालेली, वर पर्यावरण कर. कल्याणच्या आरटीओत तपासणी होऊन तिला पाच वर्षं मिळाली. त्याच वर्षी डॉक्टरांच्या दाखल्यावर माझं लायसन्सही पाच वर्षांसाठी वाढलं. म्हणजे आम्ही दोघं 2027 पर्यंत पास.

आता जे घरी सांगितलं नाही ते इथे लिहितो. 2024 मध्ये मोठागाव-माणकोली पूल सुरू झाल्यापासून ठाण्याला जाणं फार सोपं झालं आहे, म्हणून माझ्या फेऱ्याही वाढल्या. गेल्या महिन्यात संध्याकाळी परत येताना त्या पुलावर समोरचे दिवे फुटल्यासारखे दिसू लागले. पुढे स्कूटरवर एक मुलगा होता. तो मला दिसलाच नाही. दिसला तेव्हा हातभर अंतर उरलं होतं. गाडी जागच्या जागी थांबली. उशीर झाला तो माझ्या पायाला. मुलगा शिवी देऊन निघून गेला, आणि त्याचं बरोबरच होतं. घरी मी "ट्रॅफिक होतं" म्हणालो.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख दिली आहे. तोवर किल्ली हिच्या कपाटात. रोज सकाळी मागून घेतो, खाली जातो, बॅटरी उतरू नये म्हणून पाच मिनिटं इंजिन चालू ठेवतो आणि किल्ली परत आणून देतो. ही काही विचारत नाही. आज वाचेल.