जुन्या मॅसीचे जड स्टेअरिंग



तुझे पत्र पावले. जुन्या ट्रॅक्टरचे स्टेअरिंग जड होणे हे अनेक निरनिराळ्या दोषांचे एकच लक्षण असते. म्हणून मिस्त्री म्हणतो त्याप्रमाणे स्टेअरिंग बॉक्स, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याखालची दातेरी यंत्रणेची पेटी, उघडण्याआधी दोष नेमका कोठे आहे हे ठरवणे अगत्याचे ठरते. पेटी खोलणे हे या सगळ्या कामातले सर्वांत खर्चिक आणि बहुतेक वेळा सर्वांत शेवटी करण्याचे काम आहे.

घरातला ट्रॅक्टर मॅसी फर्ग्युसन 35 आहे, हे येथे महत्त्वाचे आहे. 1956 साली इंग्लंडमध्ये फर्ग्युसन 35 या नावाने निघालेले हे यंत्र पुढे मॅसी फर्ग्युसन या नावाने ओळखले जाऊ लागले, आणि 1960 साली मद्रासमध्ये स्थापन झालेल्या टाफे कंपनीने याच घराण्यातले ट्रॅक्टर भारतीय शेतापर्यंत पोचवले. इतर पुष्कळ ट्रॅक्टरांत पेटीतून एकच दांडा पुढे जातो आणि दोन्ही चाके आडव्या टाय रॉडने एकमेकांना जोडलेली असतात. मूळ 35 मध्ये मात्र पेटीच्या दोन्ही बाजूंना एकेक भुजा असून प्रत्येक भुजेतून स्वतंत्र ड्रॅग लिंक, म्हणजे ओढ-ढकल करणारा लांब दांडा, आपापल्या बाजूच्या चाकाकडे जातो. पुढचा एक्सल दोन्ही टोकांना मागे तिरका नेलेला असल्यामुळे चाकांमधले अंतर वाढवले तरी या दांड्यांची लांबी बदलावी लागत नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या शेतयंत्रात इतका विचार केलेला आढळतो, याचे आजही कौतुक वाटावे.

या रचनेचा निदानासाठी मोठा उपयोग होतो. मागच्या चाकांना दगड लावून, हँडब्रेक ओढून, पुढचा भाग जॅकवर उचलावा, खाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत आणि चाके अधांतरी असताना स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहावे. एक्सल मधल्या पिनेवर झुलत असल्यामुळे ट्रॅक्टर एका बाजूला कलू शकतो, म्हणून एक्सल आणि वरचा सांगाडा यांच्या फटीत दोन्हीकडे पाचरी माराव्यात. अधांतरी चाके हलकी फिरली, तर दोष भाराशी निगडित आहे, म्हणजे टायरची हवा किंवा भार पेलणारे बेअरिंग यांच्याकडे संशयाची सुई वळते. तरीही ती जडच राहिली, तर दोन्ही ड्रॅग लिंकची मागची टोके भुजांतून सोडवावीत आणि आधी प्रत्येक चाक हाताने धरून, नंतर नुसते स्टेअरिंग, असे वेगवेगळे फिरवावे. जे अडते, त्यात दोष आहे. अर्ध्या दिवसाच्या या कामाने पेटी विनाकारण उघडली जाण्याचा धोका टळतो.

धानाच्या भागातल्या ट्रॅक्टरांत पुष्कळदा किंगपिनच अडलेली निघते. किंगपिन म्हणजे एक्सलच्या टोकातल्या नळीत बसलेला उभा दंड. त्याच्याभोवती पुढचे चाक वळते, त्याच्या वर-खाली पितळी बुश असतात आणि खालच्या खांद्यावर थ्रस्ट बेअरिंग असते, ज्यावर ट्रॅक्टरच्या पुढच्या भागाचा सगळा भार टेकतो. चिखलणीच्या दिवसांत बांधीतले पाणी आणि बारीक गाळ नेमका याच फटीत शिरतो, ग्रीस धुऊन जाते, आणि पावसाळा संपून ट्रॅक्टर उभा राहिला की आत गंज धरतो. ग्रीस गन मारूनही फरक पडत नाही अशी तक्रार येते, तिचे कारण बहुधा मारण्याच्या पद्धतीत असते: चाक जमिनीवर असताना बेअरिंगच्या चकत्या भाराखाली घट्ट दाबलेल्या असतात आणि ग्रीस त्यांच्यात शिरूच शकत नाही. एक्सल जॅकवर घेतला की पिन थोडी खाली सरकते, फट मोकळी होते, आणि चाक डावी-उजवीकडे फिरवत गन चालवली म्हणजे आधी काळपट मातकट ग्रीस, त्यामागून क्वचित पाण्याचे थेंब आणि शेवटी स्वच्छ ग्रीस कडेने बाहेर येते. ते स्वच्छ येईपर्यंत थांबू नये.

त्यानंतरही पिन अडत असेल, तर ती काढून बुश बदलावे लागतात. नवा बुश ठोकताना त्याचे भोक एक्सलमधल्या ग्रीस निप्पलच्या भोकासमोर येते की नाही हे डोळ्यांनी पाहावे, कारण ते भोक झाकले गेले तर पुढे कितीही ग्रीस मारले तरी ते पिनपर्यंत पोचत नाही आणि नवे काम वर्षा-दोन वर्षांत जुन्यासारखे होते. बुश बसल्यावर थोडा आवळला जातो, म्हणून लेथवाल्याकडून तो रीमरने पिनेच्या मापाचा करून घ्यावा; पिन हाताने फिरावी, पण डुलू नये.

तपासणीत नुसते स्टेअरिंगच अडले, तर दोष पेटीत आहे. पेटीच्या आत स्टेअरिंगच्या दांड्यावर पेचदार खाच असते आणि त्या खाचेतून पोलादी छर्ऱ्यांवर सरकणारा नट दोन्ही भुजांना हलवतो. सील गळून तेल उतरले असेल तर आधी पातळी तपासावी, जुने तेल पाणी मिसळून पांढुरके झाले असेल तर ते बदलावे, आणि पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे तेल भरावे. स्टेअरिंगमध्ये मोकळी चाल आली म्हणून कोणी तरी पेटी आवळून ठेवलेली असणे, हे जडपणाचे एक वारंवार आढळणारे आणि खरोखर नुकसानकारक कारण आहे. झीज नेहमी सरळ चालीच्या मधल्या भागात अधिक होते. ती मधली ढिलाई आवळून घालवली की कमी झिजलेल्या दोन्ही टोकांना यंत्रणा करकचते, आणि वळणावर ड्रायव्हरला स्टेअरिंगशी झटावे लागते. अशा पेटीत झिजलेले भाग बदलणे हाच उपाय आहे, आणखी आवळणे नव्हे.

टायरची हवा हा विषय लहान असला तरी सर्वांत आधी पाहण्याचा आहे. पुढच्या टायरात हवा कमी असली की रबर जमिनीला जास्त चिकटते आणि निरोगी स्टेअरिंगही जड भासते. पुस्तिकेतला आकडा प्रमाण मानावा. दोन्ही चाकांचे पुढचे अंतर मागच्यापेक्षा किंचित कमी असावे, याला टो-इन म्हणतात. या ट्रॅक्टरमध्ये ते दोन्ही ड्रॅग लिंकची लांबी सारखी ठेवूनच जुळवावे.

पॉवर स्टेअरिंगचा जोड बसवावा काय, असाही प्रश्न पत्रात आहे. गंजलेल्या पिनांवर तेलाच्या दाबाचा जोर लावला तर जडपणा हाताला जाणवायचा थांबतो, पण पिन झिजतच राहते. म्हणून आधी यंत्र मूळ स्थितीत आणावे, आणि त्यानंतरही लोडरसारखे जड अवजार पुढे लावायचे असेल तरच त्या खर्चाचा विचार करावा.

मिस्त्रीला हे पत्र जरूर दाखवावे, त्याचा अनुभव या ओळींपेक्षा मोठा असू शकतो. मात्र रोवणी आटोपल्याबरोबर पुढची चाके जॅकवर घेऊन ग्रीस मारण्याचे काम दरवर्षी घरच्याच हातांनी व्हावे, आणि ठोकळे दिल्याशिवाय कोणीही खाली हात घालू नये, ही आग्रहाची विनंती.

कळावे.
मामा