पोरगा येऊ द्या

आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, पालखीबरोबर चालायला अडीच-तीन आठवडे. अंतराचे माझे माप एवढेच. अमेरिकेतले नेवार्क मुंबईपासून साडेबारा हजार किलोमीटर. तिथून थेट विमान साधारण पंधरा तासांत येते. मुंबईहून तिकडे जाताना मात्र जास्त वेळ लागतो, कारण उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात. हे मुलाने सांगितलेले.

पौषात आमची ही गेली, तेव्हा सफाळ्यात पहाटेचे चार, तिकडे आदल्या संध्याकाळचे साडेपाच. रात्रीचे विमान त्याला मिळाले. गावकरी दबकत म्हणाले, "बुवा, किती वेळ ठेवायचे?" देह म्हणजे जुने वस्त्र, हे पन्नास वर्षे कीर्तनात सांगितले. तुम्हीही ऐकले असेल. त्या दिवशी मात्र मी म्हणालो, "पोरगा येऊ द्या."

बर्फाच्या लाद्या आणल्या. दिवसभर भजन चालले. माझ्या हातून टाळ वाजेना. रात्री तो मुंबईत उतरला. उरले सत्तर-ऐंशी किलोमीटर, पण तेच सरेनात. वरई फाट्यावरून त्याचा फोन आला, तेव्हा तिच्या कानाशी वाकून म्हटले, "आला गं."