कूस बदलण्याचं काम

बारावीनंतर मुलगी नर्सिंगला जायचं म्हणाली की घरात दोनच गोष्टी तपासल्या जातात: तिला रक्त बघून चक्कर येते का आणि ती मायाळू आहे का. (मुलगा म्हणाला तर आधी लोक काय म्हणतील हेच निघतं.) मला दोन्ही कसोट्या लंगड्या वाटतात. रक्ताची सवय बहुतेकांना वॉर्डात होऊन जाते. माया मात्र भरवशाची नाही; सकाळच्या ड्यूटीत ती भरपूर असते, सलग तिसऱ्या नाइटला पहाटे तीनच्या सुमारास आटते. रुग्णाला तेव्हाही डोस तितकाच नेमका लागतो. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन ताकदींच्या मिळतात. सिरिंजही वेगळ्या: ४० साठी लाल टोपणाची, १०० साठी केशरी. १०० चं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ओढलं तर आकडा बरोबर दिसतो आणि डोस अडीचपट जातो. तिथे रुग्णाला वाचवते ती टोपण बघायची सवय. म्हणून माझा प्रश्न एवढाच: कुणी बघत नसताना तेच बारीक काम दहाव्यांदाही पहिल्यासारखं करवतं का?

यावर कुणी म्हणेल, मायेशिवाय शुश्रूषा कसली? केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये हल्ला झाला. २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या अंथरुणाला खिळून होत्या. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या परिचारिकांची मनापासून वाखाणणी केली. इतक्या वर्षांत शानबाग यांना बेडसोअर झाला नाही, हे रुग्णालयाचं म्हणणंही त्या निकालपत्रात आहे. बेडसोअर टळतो तो दर दोन तासांनी कूस बदलून, चादरीच्या सुरकुत्या काढून, पाठ कोरडी ठेवून. त्यांना हिंडताफिरताना पाहिलेल्या सिस्टर निवृत्त झाल्या, नव्या आल्या, कूस बदलली जातच राहिली. प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? पण हँडओव्हरमध्ये प्रेम देता येत नाही. दोनला डावी कूस, चारला उजवी, हे देता येतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. सर्वसाधारण वॉर्डात सहा रुग्णांमागे एक परिचारिका हा निकष कागदावरच राहतो; खाटांच्या मध्ये जमिनीवर टाकलेल्या गाद्याही मोजल्या तर सरकारी वॉर्डात हिशेब लागत नाही, आणि खासगीत पगार तुटपुंजा. अशात नेमकेपणा टिकणार कसा? खरं आहे. काम जमणं आणि नोकरी परवडणं हे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि पहिला जुळूनही दुसऱ्यापायी कुणी नाही म्हटलं तर त्यात कमीपणा नाही. पण चार वर्षांच्या बीएस्सीची किंवा तीन वर्षांच्या जीएनएमची फी भरण्याआधी पहिला हिशेब घरीच करून बघता येतो. आजोबांच्या गोळ्यांचा डबा महिनाभर सांभाळायला घ्यावा. एखादी गोळी चुकली म्हणून बाद ठरवू नये. चुकल्याचं लगेच सांगितलं, की ती गुपचूप डब्यात परत गेली, ते बघावं.