देणाऱ्यांचा मुलूख

पेण म्हटले की गणपतीच्या मूर्ती आठवतात. पण याच तालुक्यातील गागोदे गावी १८९५ साली विनोबा भावे जन्मले. पेणहून नागोठण्यावरून कुंडलिकेकाठच्या रोह्याला यावे. तिथे १९२० साली पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले. गीता दोघांचीही सोबतीण.

विनोबांनी १९५१ पासून गावोगाव पायी हिंडून भूमिहीनांसाठी जमीन मागितली. शास्त्रीजींनी मागितला घामाचा दिवस. स्वाध्यायींच्या योगेश्वर कृषीत गावकरी पाळीपाळीने पुजारी होऊन सामाईक शेतात राबतात. पीक देवाचे, त्यातून अडल्यानडल्याला हात. कोळी बांधवांची ‘मत्स्यगंधा’ होडीही याच रीतीने दर्यावर जाते.

जमीन प्रत्येकापाशी नसते. देवासाठी, शेजाऱ्यासाठी एक दिवस मात्र गरिबालाही देता येतो. रोह्याहून परतताना हीच शिदोरी बांधून घ्यावी.