कॅमेरा हलका झाला, मग हात का दुखतो?

आमच्या ऑफिसात वर्षातून दोनदा एक बाई येतात आणि आम्हाला खुर्चीत कसं बसायचं ते शिकवतात. पाठ टेकलेली, कोपर काटकोनात, मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, दर अर्ध्या तासाने उठा वगैरे. आम्ही चाळीस जण गंभीर चेहऱ्याने ऐकतो, शेवटी सामोसा खातो आणि जागेवर येऊन पुन्हा वाकडे बसतो. मागितलं तर पायाखाली ठेवायला पाट मिळतो, मनगटाखाली जेलची उशी मिळते. थोडक्यात, दिवसभरात ज्याला उचलावी लागणारी सगळ्यात जड वस्तू म्हणजे कॉफीचा मग, त्याच्या हाडांसाठी कंपनीकडे बजेट आहे.

माझा चुलतभाऊ दिग्रसला लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करतो. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. वय ४२. अठराव्या वर्षी एका स्टुडिओत हॅलोजन धरणारा पोरगा म्हणून लागला. (हजार वॉटचा तो दिवा नवरीच्या तोंडावर मारायचा आणि तिचे डोळे मिटले की शिव्या खायच्या, असा तो जॉब.) मग कॅमेरा हातात आला, मग स्वतःचा स्टुडिओ. दिग्रस, आर्णी, दारव्हा, पुसद, मधली सगळी खेडी, असा त्याचा इलाका. त्याच्या हाडांसाठी बजेट कोणाकडे नाही. खुद्द त्याच्याकडेही नाही.

या मे महिन्यात गावी होतो तेव्हा दोन लग्नं त्याच्यासोबत बॅगा उचलत फिरलो. दुसऱ्या लग्नाच्या रात्री, साडेबारा वाजता, सामान गाडीत टाकताना त्याने उजवा हात झटकला आणि मला विचारलं, "कॅमेरा एवढा हलका झाला ना बे, मंग हात काऊन दुखते?"

प्रश्न फारच चांगला आहे. मी चार दिवस त्याच्यावरच विचार करत होतो.

आधी आकडे बघू. दादाकडे पूर्वी खांद्यावर ठेवायचा सोनीचा एमसी-२५०० होता, साधारण तीन किलोचा. आता सोनीची ए-७-३ बॉडी आहे, ६५० ग्रॅम. यालाच सगळे "हलका" म्हणतात. पण त्याच्यावर २४-७० एफ २.८ ची लेन्स लागते, ती एकटीच ८८६ ग्रॅम. आणि हे सगळं बसतं गिंबलवर. त्याचा रोनिन-एस १ किलो ८६० ग्रॅमचा आहे. करा बेरीज. ३ किलो ३९६ ग्रॅम! माईक आणि छोटा लाईट अजून धरलेलाच नाही. म्हणजे हलकं काही झालंच नाहीये, उलट वजन वाढलंय.

पण खरी गंमत वजनात नाही, ते वजन कुठे आहे यात आहे. फर्स्ट इयरला मेकॅनिक्समध्ये मोमेंट नावाची गोष्ट असते, जिच्यापायी यवतमाळात निम्म्या वर्गाला केटी लागली होती. वजन गुणिले अंतर. जुना कॅमेरा थेट खांद्यावर बसायचा. वजन खांद्यातून कण्यात, कण्यातून कमरेत, कमरेतून पायात. खांद्याच्या सांध्यापासून अंतर जवळपास शून्य, म्हणजे मोमेंटही नगण्य. खांद्याला वळ पडायचे, पाठ एका बाजूला झुकायची, ते वेगळं. गिंबल मात्र शरीरापासून ४० सेंटिमीटर पुढे धरलेला असतो. ३.४ किलो गुणिले ९.८ गुणिले ०.४, म्हणजे तेरा न्यूटन-मीटरच्या वर. हा भार खांद्याच्या छोट्या स्नायूंनी सतत पेलायचा, आणि वरात दोन तास हलत नसते. तेच वजन कोपर बरगडीला चिकटवून २० सेंटिमीटरवर आणलं तर भार थेट निम्मा. खर्च शून्य रुपये.

मी हे दादाला जेवणाच्या ताटावर बोटाने काढून दाखवलं. तो म्हणाला, "मंग शॉट नाई येत ना तसा." बरोबर आहे, नवरदेव घोड्यावर असेल तर हात लांब करावाच लागतो. पण दोन तासांच्या वरातीत तसा शॉट किती वेळ लागतो? दहा मिनिटं? उरलेला वेळ हात लांबच राहतो, कारण तो आता तसाच राहायला शिकलाय.

शरीर झिजवून चित्र काढायची ही परंपरा आपल्याकडे जुनीच आहे म्हणा. दादासाहेब फाळके १९११ साली सिनेमाच्या वेडाने इतके पडदे बघत बसले आणि रात्री इतकं जागले की त्यांची दृष्टीच गेली होती. डॉ. प्रभाकर नावाच्या डॉक्टरांनी उपचार केले, तीनचार वेगवेगळे चष्मे दिले, तेव्हा कुठे दिसायला लागलं. मग १९१२ मध्ये ते लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. त्या काळचे कॅमेरे हाताने फिरवायचे, सेकंदाला दोन फेरे, एकसारखे. तो कॅमेरा निदान तिपाईवर असायचा.

पुढे सिनेमावाल्यांनी वजनाचा प्रश्न सोडवला. गॅरेट ब्राऊन नावाच्या अमेरिकन माणसाने सत्तरच्या दशकात स्टेडिकॅम बनवला. त्यातला स्प्रिंगचा हात सगळ्यांना आठवतो, पण माझ्या मते अर्धी कमाल जॅकेटची आहे. कॅमेऱ्याचं वजन हातातून काढून कमरेवर आणि धडावर टाकायचं. स्वीडनच्या योहान हेलस्टेन या कॅमेरामनने स्वतःच्या मान-खांद्याच्या दुखण्याला वैतागून १९९४ मध्ये ईझीरिग बाजारात आणला. पाठीवरून एक दांडी डोक्यावर येते आणि कॅमेरा दोरीने तिला टांगलेला असतो. बघायला विहिरीचा रहाट पाठीवर बांधल्यासारखं वाटतं, पण तत्त्व तेच : हात फक्त दिशा द्यायला, भार कमरेला. मुंबईत शूटिंगला भाड्याच्या कॅमेऱ्यासोबत अटेंडंट येतात, कॅमेरा उचलून ठेवायला वेगळी माणसं असतात. दिग्रसच्या लग्नात एक दादा आणि एक एकोणीस वर्षांचा पोरगा. बस.

आता या जॅकेटांच्या भारतीय बनावटीच्या स्वस्त आवृत्त्या मिळतात. पण दादाला विचारलं तर हातात पैसे आले की तो नवी लेन्स घेतो. कारण लेन्स गिऱ्हाइकाला दिसते, पॅकेजच्या कागदावर लिहिता येते. कमरेचा पट्टा कोण लिहिणार? माझं म्हणणं, पुढची लेन्स घ्यायचीच असेल तर ३५ एमएमची एफ १.८ घे. २८० ग्रॅम. वरातीत आणि हळदीत तेवढी पुरते, आणि गिंबलवरचं ६०० ग्रॅम वजन एका झटक्यात उतरतं. स्टेजवर विधी चालू असताना गिंबल कशाला पाहिजे? भटजी काही पळत नाहीत. तिथे मोनोपॉड. आणि मंगलाष्टकांना ट्रायपॉड, तोही स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीला लावलेला. दादाचा ट्रायपॉड पोराच्या उंचीला लावलेला असतो, कारण लावतो पोरगा. मग दादा मान खाली घालून अर्धा तास उभा. डोकं साधारण पाच किलोचं असतं मंडळी, त्यालाही मोमेंट लागू पडतो.

एक बारीक गोष्ट. व्ह्यूफाइंडरच्या बाजूला डायऑप्टरची एक छोटी चकती असते, आपल्या चष्म्याच्या नंबराप्रमाणे फिरवायची. दादाची तीन वर्षांत कोणी फिरवलेलीच नव्हती. फिरवल्यावर म्हणाला, "अबे, हे तं साफ दिसून रायलं!" :-)

आता उन्हाळा. मे महिन्यात आमच्याकडे ४४-४५ अंश ही बातमी नसते. अशा उन्हात फोर-के शूटिंग करताना कॅमेरा तापतो, स्क्रीनवर इशारा देतो आणि ऐकलं नाही तर सरळ बंद पडतो. म्हणून तो पोरगा कॅमेऱ्यावर छत्री धरून उभा असतो. कॅमेऱ्यावर! दादा छत्रीच्या बाहेर, आणि अंगात काळा टी-शर्ट, पाठीवर स्टुडिओचं नाव सोनेरी अक्षरात. सिनेमाच्या सेटवर काळे कपडे घालतात ते काचेत-चकाकत्या वस्तूत प्रतिबिंब पडू नये म्हणून. अरुणावती धरणावर दुपारी प्री-वेडिंग शूट करताना कसलं प्रतिबिंब? पांढरा किंवा खाकी सुती शर्ट, डोक्याला ओला दुपट्टा, आणि खिशात ओआरएसची पाकिटं. घामासोबत मीठ जातं, ते नुसत्या पाण्याने भरून येत नाही. लग्नात मठ्ठा असतो, तो उत्तम, फक्त आपल्यापर्यंत पोचेल तेव्हा.

कारण शूटर जेवतो सगळ्यात शेवटी. सकाळी नवरीच्या मेकअपपासून उभा असलेला माणूस दुपारी चारला ताटावर बसतो, तोवर आलू-वांग्याच्या भाजीतलं वांगं संपलेलं असतं. बसतो तोच कोणीतरी ओरडतं, "शूटिंगवाले कुठं गेले बे?" मी दादाला म्हटलं, कोटेशनच्या कागदावर ॲडव्हान्सच्या खाली एक ओळ टाक : मुख्य विधीआधी दोन माणसांचं जेवण. त्याला लाज वाटत होती. शेवटी टाकली. पहिल्याच वधूपित्याने वाचून सांगितलं, बरं केलं लिहिलं, गडबडीत आमच्या ध्यानातच राहत नाही. तुमच्यापैकी ज्यांची लग्नं या सीझनला आहेत त्यांनी हे वाचताना आपल्या शूटरची आठवण काढावी.

पायांचं थोडक्यात सांगतो. मांडवात चपला काढाव्याच लागतात आणि बाहेर दिवसभर फरशी-डांबरावर चालायचं असतं, म्हणून लोक सरळ सँडल घालून येतात. त्यापेक्षा बिनलेसचे, आत गादी असलेले बूट. वाकावं लागत नाही, एका झटक्यात निघतात. गुडघ्यावर बसून शॉट घेणाऱ्यांनी गवंडी लोक वापरतात तसले नीपॅड पँटच्या आत घालावेत.

कानांचं मात्र सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण ते कोणीच बघत नाही. वरातीत सगळे नाचून बाजूला होतात, शूटर डीजेच्या भिंतीला लागूनच राहतो. अमेरिकेच्या नायोश या संस्थेचा हिशोब असा : ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं! डीजेशेजारी १०० ही सुरुवात असते. फोमचे इअरप्लग वीसतीस रुपयांत येतात. दादा आताशा टीव्हीचा आवाज बराच मोठा ठेवतो. वहिनी बोलते, तो हसून सोडून देतो.

आणि मनगट. रात्री झोपेत त्याच्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात, जाग येते. फिजिओथेरपिस्टने सांगितलं, कार्पल टनेल, मनगटातली नस दबते आहे. हे नाव मला तोंडपाठ होतं. माझ्या टीममधल्या एकाला माऊसमुळे हेच झालं होतं. त्याला मनगटाचा पट्टा, उभा माऊस आणि तीन आठवडे घरून काम मिळालं. दादाला फिजिओने महिनाभर गिंबल धरू नका म्हटलं, तेव्हा त्याच्या वहीत त्या महिन्यात सतरा तारखा बुक होत्या. हात थांबला की उत्पन्न थांबलं. मी जरा चिडूनच आरामाचं बोललो तर म्हणाला, "मुहूर्त संपले का मंग आरामच हाय ना बे."

शेवटी तडजोड झाली. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपायचं. शूटला गिंबल दोन्ही हातांनी, दर गाण्याला मधे कमरेच्या पट्ट्यावर टेकवायचा, वरातीचा अर्धा वेळ पोराने धरायचा. पण पोराचं पंधरा किलोचं बॅगेचं ओझं एका खांद्यावर नको, दोन पट्ट्यांची, कमरेला बांधायची सॅक. तो एकोणीसचा आहे, त्याला आत्ता काहीच दुखत नाही. मुंग्या वाढल्या किंवा हातातून वस्तू निसटायला लागली तर मात्र तारखा बघायच्या नाहीत, सरळ यवतमाळला डॉक्टर गाठायचा. हे त्याने वहिनीसमोर कबूल केलंय.

आणि चातुर्मासात व्यायाम. या धंद्याला पंचांगानेच चार महिन्यांची सुट्टी दिली आहे, आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत. खांद्याची पाती मागे ओढायचा व्यायाम याच काळात करायचा, सीझनमध्ये थकलेल्या खांद्यावर नाही. मी पुण्याहून रबराचा बँड पाठवलाय. वहिनी फोनवर सांगते की तो दाराच्या कडीला व्यवस्थित बांधला आहे, सध्या त्यावर टॉवेल वाळतो.