चिपमधली मींड

व्हिडिओ गेममधल्या आवाजाला मी संगीत म्हणत नसे. नव्वदच्या दशकात मुंबईचे चाकरमानी गणपतीला खारेपाटणात यायचे ते टीव्हीला जोडायचा गेम घेऊनच. कॅसेट लागेना की पोरं तिच्यात फुंकर मारायची, परत खुपसायची, आणि मग दिवसभर माजघरात मारिओच्या उड्या. आम्ही ओटीवर भजनाच्या तालमीला बसलेलो, आणि आतून अखंड पीं-पीं. मी पेटीवाला. बुवांच्या आधी मीच ओरडायचो. पुढे ते गेम माळ्यावर गेले आणि तो आवाजही गेला, असं मी धरून चाललो.

गेला कसला! त्याला आता चिपट्यून म्हणतात. जुन्या यंत्रांच्या चिपवर, नाहीतर तिची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, लोक नव्या रचना करतात. ‘शव्हल नाइट’सारखा २०१४ साली निघालेला गेमसुद्धा मुद्दाम त्याच आवाजात वाजतो. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात खेळाडूंचं संचलन गेमच्या संगीतावर झालं. २०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने मारिओची धून राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतली. यावर माझं उत्तर ठरलेलं होतं: ज्यांचं लहानपण त्यात गेलं ते आता कमावते झालेत, आठवणी विकत घेतायत, दुसरं काही नाही.

या मताला पहिला तडा गेला तो माझ्या भाच्यामुळे. तो जन्मला तेव्हा आमच्याकडचा गेम माळ्यावर जाऊन कैक वर्षं झालेली. त्याला कसली आठवण येणार? तरीही पोरगा कॉलेजातून आला की लॅपटॉप उघडून तीच पीं-पीं लिहीत बसतो. एकदा मी त्याला सुनावलं: यात मींड नाही, श्रुती नाही, नुसती इलेक्ट्रॉनिक खटखट. तो मान वर न करता म्हणाला, “मामा, तुमच्या पेटीत तरी मींड खंय येता?”

हे मला चांगलंच लागलं, कारण हेच बोलणं पेटीने सोसलेलं आहे. विलायती वाद्य, सूर ठोकळेबाज, मींड निघत नाही, या कारणांनी आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. गोविंदराव टेंब्यांची पेटी ऐकून कान तयार झालेल्या महाराष्ट्राला रेडिओ सांगत होता की हे वाद्यच नव्हे. आम्ही पेटीवाले अजून तो किस्सा चिडून सांगतो. आणि इथे मी भाच्याला शब्दन्‌शब्द तेच ऐकवत होतो.

त्याने मग लॅपटॉप माझ्याकडे वळवला. सॉफ्टवेअरचं नाव फॅमिट्रॅकर. पडद्यावर पाच उभे रकाने, वरून खाली सरकणाऱ्या ओळी, प्रत्येक ओळीत एक सूर आणि शेजारी काही आकडे. ते ज्याची नक्कल करतं ते निन्टेंडोचं यंत्र जपानात १९८३ साली निघालं. त्याच्या चिपमध्ये आवाज पाचच: दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी, एक नुसत्या खरखरीचा आणि एक छोटे मुद्रित तुकडे वाजवणारा. त्रिकोणी आवाज लहानमोठा करता येत नाही. एकतर वाजतो, नाहीतर बंद. एवढ्या भांडवलावर कोजी कोंदो यांनी १९८५ साली मारिओचं संगीत केलं, आणि तो अख्खा गेम ४० किलोबाइटचा. मोबाइलवरच्या एका फोटोलासुद्धा याच्या कितीतरी पट जागा लागते.

मला खरी गंमत वाटली ती स्वरमेळाची. मी सा-ग-प दाबायचे तर तीन बोटं एकदम टेकवतो. चिपकडे तेवढे आवाज मोकळे नसतात, म्हणून एकाच आवाजाला सा, ग, प असं सेकंदाला साठ बदलांच्या वेगाने फिरवतात. कानाला ते एकत्र लागल्यासारखे होतात, फक्त थरथरतात. मी ज्याला पीं-पीं म्हणत होतो ती बरीचशी ही थरथर होती. त्यात गेममध्ये उडी मारली, नाणं टिपलं, की तो आवाज वाजवायला चिप गाण्यातलाच एखादा सूर क्षणभर काढून घेते. तरी चाल तुटल्यासारखी वाटत नाही, इतकी ती पक्की बांधावी लागते. पाच आवाजांत चाल उघडी पडते, तिला लपायला जागा नाही.

आणि मींड? चिपवरचा सूर अगदी बारीक पायऱ्यांनी खाली-वर सरकवता येतो. भाच्याने भूपाचा ग असा घसरत सा वर आणून दाखवला. माझ्या पेटीवर ते जन्मात होणार नाही, तिच्या पट्ट्या ठोकून बसवलेल्या. इलेक्ट्रॉनिक आवाजात राग वाजणंही काही नवं नाही. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ सालीच सिंथेसायझरवर ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी काढली होती, तिच्यात भैरव आहे, भूपाळी आहे. तेव्हा ती फारशी कोणी घेतली नाही. २०१० साली हॉलंडमधून पुन्हा निघाली तेव्हा जग अचंबित झालं. शिवाय मी रोज पहाटे रियाजाला लावतो तो तानपुरा तरी कुठे भोपळ्याचा आहे? विजेवरचाच. त्याला मी कधी नावं ठेवली नाहीत, कारण तो माझ्या सोयीचा.

आता मी भाच्यासोबत बसतो. आमच्या मंडळाच्या एका गजराची चाल त्याने माझ्याकडून उतरवून घेतली: पेटी आणि बुवांचा गळा दोन चौकोनी आवाजांत, खर्ज त्रिकोणीत, झांज खरखरीत. झांज तर हुबेहूब आली. पखवाज मात्र बसला नाही, त्या बोलांची गोलाई चिपला जमत नाही. सलग अर्धा तास ऐकलं की माझं डोकंही दुखतं, हे मी त्याला सांगून टाकलंय. ते जुनंच मत आहे, ते बदललेलं नाही.

बुवांना अजून ऐकवलेलं नाही. डबलबारीत, म्हणजे भजनाच्या सामन्यात, सिनेमाच्या चाली बेलाशक घेणारा माणूस याला काय म्हणेल, सांगता येत नाही. भाचा म्हणतो, “गणपतीक लावया.” मी म्हटलं, आधी पखवाज नीट कर.